धूपघडीचा सत्कार

मानवजातीच्या इतिहासात ज्या घटनेची नोंद व्हायलाच हवी होती आणि केवळ इतिहासकारांच्या आळसामुळे राहून गेली, ती नोंद आज मी करणार आहे. वाचकांनी शक्य असल्यास उभं राहावं. गुडघे दुखत असतील त्यांनी निदान ताठ बसावं. घटना अशी, की तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी 'सूर्यघटिका चित्रसंग्राहक मंडळ' नावाची संस्था जन्माला आली आणि त्याच दिवशी आमच्या घरातला रविवार वारला. मी तेव्हा कॉलेजात होते. संस्थेला लेटरहेड होतं, रबरी शिक्का होता, अध्यक्ष होते, सचिव होते आणि एक सदस्य होते. सदस्य एकच, कारण एकूण माणसंच तीन होती आणि त्यातले दोघं पदाधिकारी झाले होते.

अध्यक्ष म्हणजे माझे बाबा. बँकेत अधिकारी, मूळचे देवगाव रंगारीचे, आणि गावी गेले की 'इथं-तिथं' बोलणारा हा माणूस मंडळाच्या बैठकीत एकदम 'येथे' आणि 'तेथे' बोलायला लागायचा. सचिव पाठक काका. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची फाईल केल्याशिवाय ती घडली असं ते मानत नसत. आणि सदस्य वाघमारे सर. शाळेत चित्रकला शिकवायचे, बोलायचे कमी, आणि दर रविवारी यायचे ते मुख्यतः आईच्या हातच्या धपाट्यांसाठी. हे त्यांनी कधी लपवलं नाही. म्हणून मंडळात मला फक्त त्यांच्याबद्दल आदर होता.

मंडळाचं काम एकच. भिंतीवर रंगवलेल्या सूर्यघड्याळांची चित्रं जमवायची आणि एकमेकांना दाखवायची. घड्याळं बनवायची नाहीत, वापरायची नाहीत, समजून तर मुळीच घ्यायची नाहीत. फक्त चित्रं. त्यातही सोवळं कडक. घड्याळ भिंतीवरच हवं आणि रंगानंच काढलेलं हवं. दगडात कोरलेलं असेल तर पाठक काका नाक मुरडायचे आणि पितळेचं असेल तर बाबा 'दुकानदारी' म्हणून पान उलटायचे. आता आपल्याकडच्या भिंतींवर काय काय रंगवलेलं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. निवडणुकीची चिन्हं, सिमेंटच्या जाहिराती, शिकवणीचे वर्ग आणि 'येथे लघवी करू नये'. सूर्यघड्याळ कुणी कशाला काढेल? त्यामुळे संग्रहाची सगळी भिस्त परदेशावर होती. जुनी कॅलेंडरं, पोस्टकार्डं, रद्दीतली मासिकं. पाठक काकांनी दाताच्या डॉक्टरांकडं बसल्या बसल्या मोठ्यानं खोकून त्या आवाजात मासिकातलं एक पान फाडलं होतं. ही हकीकत ते स्वतः सांगायचे, शिकारी वाघाची सांगतो तशी. पुढं ज्या दाढेसाठी गेले होते ती काढावीच लागली, पण पान मिळालं होतं.

मग आमच्याकडं कॉम्प्युटर आला आणि शोभा वाढली. फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावायची, आतून मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा, आणि तो थांबला की तिघंही पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसायचे. चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं. आधी आभाळ, मग कौलं, मग एखादी खिडकी, आणि घड्याळाचा पहिला आकडा दिसायला लागला की नेमकी वीज जायची वेळ व्हायची किंवा आमच्या आत्याला फोन करायची लहर यायची. कितीतरी चित्रं आमच्याकडं नुसती आभाळाचीच होती. बाबांनी तीही ठेवली. आज माझ्या मोबाईलवर डोळ्याची पापणी लवायच्या आत शंभर चित्रं येतात, आणि मी एकाकडंही बघत नाही. पण म्हणून त्या काळाबद्दल मला जिव्हाळा वाटतो असं कुणी समजू नये. मला फोन करायचा असायचा.

रविवारी सकाळी आईचा स्टो पेटायचा तो दुपारपर्यंत विझायचा नाही. आधी सुशीला व्हायचा. मुरमुरे भिजवून, पिळून, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर घातलेला तो मऊ, तिखट डोंगर तिघं गप्पांच्या ओघात सपाट करायचे. मग धपाटे, दही, लसणाची चटणी. मग चहा, आणि मग चहा झाला का म्हणून पुन्हा चहा. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांनी एकदा यायचं, ते कधीकधी नेमकं रविवारी यायचं, आणि आई एका हातानं हंडे लावत दुसऱ्या हातानं तव्यावरचा धपाटा उलटायची. हॉलमधून बाबांचा आवाज यायचा, की काळ ही एक भावना आहे. आई स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघून म्हणायची, "व्हय, आन् भांडी घासणं हे लई मोठं तत्त्वज्ञान आहे." ती हे हळू म्हणायची नाही. हॉलमध्ये ऐकू जायचं. पण तिथं कुणी ऐकायला मोकळं नसायचं.

मंडळाची विद्वत्ता काय प्रतीची होती हे कळावं म्हणून एकच प्रसंग सांगते. देवगाव रंगारीहून बाबांच्या चुलतभावाचा निरोप आला, की जवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत भिंतीवर सूर्यघड्याळ काढलंय. तिघं जीप करून निघाले, मलाही नेलं, कारण कॅमेऱ्याची पिशवी कुणीतरी धरायला हवी होती. घड्याळ खरंच होतं. मोठं, देखणं, निळ्या-पिवळ्या रंगातलं, मधोमध खिळा ठोकलेला. फक्त ते व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर होतं. वर पत्रे. तिथं ऊन शिरायचं तर शाळाच पाडावी लागली असती. मला वाटलं, आता तिघं हसतील आणि आपण ऊस खाऊन परत जाऊ. पाठक काका गंभीर झाले. म्हणाले, सावलीवाचून चित्राला अर्थ नाही. बाबांनी विचार केला, दोन पावलं बाजूला सरकले आणि फ्लॅश मारला. फ्लॅशच्या उजेडात खिळ्याची सावली पडली ती बरोबर चारच्या आकड्यावर. सकाळची वेळ होती. तो फोटो मंडळाच्या अल्बममध्ये 'ग्रामीण मराठवाड्यातील अपराह्ण' अशा मथळ्याखाली लावलेला आहे. वाघमारे सर परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी आज फक्त हसले असते. पण मग त्यांना रुखसाना आपांची भिंत सापडली.

रुखसाना आपा जुन्या शहरात राहायच्या आणि आमचे सगळ्यांचे कपडे शिवायच्या. आईचे ब्लाउज, माझे ड्रेस, शेजारणींचे परकर. मी सुट्टीत त्यांच्याकडं काज-बटणं शिकायला जायची. आपांची बोटं लांब होती, आवाज जाड होता, आणि मशीनचं पायडल चालवताना त्या एका दमात तीन मोहल्ल्यांच्या बातम्या सांगायच्या. घर गल्लीच्या टोकाला. दार उत्तरेला, अरुंद बोळात, समोर पत्र्याची शेड, त्यामुळं दारातून उजेड कमी आणि वास जास्त यायचा. मागची भिंत दक्षिणेला, तिच्यापलीकडं मोकळं मैदान, भरपूर हवा, भरपूर उजेड. पण त्या भिंतीला एक झरोकासुद्धा नव्हता. आतल्या खोलीत भर दुपारी बल्ब लावून आपा शिवायच्या. ईदला त्यांच्याकडचा मटणाच्या रश्शाचा नान-खलिया आम्ही त्या खोलीत बसून खाल्ला आहे, आणि नानचा तुकडा खलियात बुडतोय की माझ्या ओढणीवर पडतोय हे मला चवीवरून कळायचं.

दिवाळीच्या आधी बाबा आम्हाला स्कूटरवर सोडायला आले आणि गाडी लावायला मैदानाच्या बाजूला गेले. ते परत आले ते वेगळेच होऊन आले. आपांच्या घराच्या मागच्या भिंतीवर, बाहेरून, धूपघडी होती, म्हणजे खरंखुरं सूर्यघड्याळ. आपांच्या नवऱ्याच्या, सलीमभाईंच्या आजोबांनी काढलेली. आजोबा हिमरूच्या कापडासाठी नक्षी काढायचे. त्यांनी भिंतीवर एक पिवळा सूर्य काढला होता, त्याला भुवया होत्या, मिशा होत्या, खाली निळ्या वेलीत उर्दू आकडे, आणि सूर्याच्या नाकातून निघालेली एक लोखंडी सळई. हिवाळ्याचं ऊन भिंतीवर सरळ पडलं होतं आणि सळईची सावली आकड्यांवर. खरं सांगते, घडी सुंदर होती. पण बाबा त्या भिंतीसमोर ज्या चेहऱ्यानं उभे होते, तसा चेहरा त्यांनी आईला बघायला गेले तेव्हा केला नव्हता, असं आईनंच मला सांगितलं.

त्यानंतर मंडळ तिथंच राहायला गेल्यासारखं झालं. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, तिरपं ऊन, सगळ्या उन्हांत फोटो. आपांची वाळत घालायची दोरी त्या भिंतीला होती, ती सोडावी लागली, कारण पेटीकोटची सावली चित्रात येत होती. मैदानातली बकरी हाकलली गेली, मग एका फोटोत बकरी असावी असं ठरलं आणि ती शोधून आणली गेली. फोटो सगळीकडं गेले. पत्रांतून, सीडीतून, कॉम्प्युटरवरून. नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र निघालं त्याचं. मग इतर गावांचे संग्राहक यायला लागले, आणि प्रत्येक जण आपांच्या दारावर टकटक करून म्हणायचा, चहा नको बरं का. म्हणजे चहा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एवढे सगळे आले, भिंतीला हात लावून गेले, पण दाराच्या आत एकही आला नाही. चहा बाहेर मैदानात जायचा.

फेब्रुवारीत आपांना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. सगळ्या शाळेचं. शाळा उघडायच्या आत नीट पुरं केलं तर दर वर्षी त्यांचंच, असं कबूल झालं होतं. आपांनी त्याच आठवड्यात मिस्त्रीला बोलावलं. दिवसा चार-चार तास लाईट जायला लागली होती, उन्हाळ्यात ती आणखी जाणार होती, आणि आपांचे डोळे बल्बखाली आधीच पाणावायचे. मागच्या भिंतीत खिडकी काढायची. दुसरीकडं कुठं निघतच नव्हती, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटून होत्या. मिस्त्रीनं बाहेरून कोळशानं चौकट आखली, ती नेमकी सूर्याच्या मिशांवरून गेली. आणि तेवढ्यात मैदानात बाबांची स्कूटर आली.

पुढचं दृश्य मी स्वतः पाहिलं. बाबा गाडी स्टँडवर न लावता धावले. स्कूटर आडवी पडली. ते भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले, आणि मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन त्यांच्याकडं बघत राहिला. बिचाऱ्याला वाटलं, घराचा काही तंटा आहे. सलीमभाई नुकतेच वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, हातात डबा. बाबा त्यांना म्हणाले, ही भिंत तुमची नाही, ही काळाची आहे. तुमच्या आजोबांची ही ठेव आहे, तुम्ही तिचे राखणदार आहात. सलीमभाई फार सभ्य माणूस. आजोबांचं नाव एवढ्या मोठ्या साहेबाच्या तोंडून ऐकून त्यांनी डबा खाली ठेवला. त्यांनी बाबांचा हात धरून सांगितलं, "साब, मैं जबान दिया. मेरे जीते जी दादा की घडी को कोई हात नहीं लगाने का." बाबांनी त्यांना मिठी मारली. मिस्त्री छिन्नी पिशवीत टाकून गेला. आपा मैदानात मिस्त्रीशेजारीच उभ्या होत्या, त्यांनी ना नवऱ्याकडं बघितलं ना बाबांकडं. आत गेल्या आणि मशीनवर बसल्या.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जेवताना आईनं बाबांना विचारलं, की तुम्ही त्यांच्या घरात कधी आत जाऊन बघितलंय का. बाबा म्हणाले, आत काय बघायचंय, घडी बाहेर आहे. आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली ती जरा उंचावरून वाढली.

एप्रिलपासून विजेचं वेळापत्रक इतकं बिघडलं, की वीज कधी येते एवढंच विचारायचं उरलं. आपा कधी दारात मशीन ओढून बसायच्या, तर बोळातून जाणारी प्रत्येक सायकल त्यांच्या मशीनला धडकायची आणि वर गणवेशाच्या पांढऱ्या कापडावर गटाराचा चिखल उडवून जायची. कधी कंदील लावून बसायच्या, तर उन्हाळ्यात त्या खोलीची भट्टी व्हायची. मी आणि आपांची मुलगी सना बटणं लावायचो. आपा कापड डोळ्याजवळ नेऊन टीप बघायच्या, उसवायच्या, पुन्हा मारायच्या. एकदा त्या आईला म्हणाल्या, "भाभी, साब को बोलो ना. मेरी आँखां जाती देखो. घडी के बदले मेरी फोटू काढ लो बोलो." आईनं घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, मी विचार करतो. आणि खरंच केला. विचार करून त्यांनी आपांच्या घरच्यांचा सत्कार ठरवला.

शाल, श्रीफळ, मानपत्र. आपल्याकडं एखाद्याचं काम अडवून ठेवलं असेल तर त्याला शाल पांघरायची, म्हणजे आतले बांधलेले हात दिसत नाहीत. निमंत्रणपत्रिका छापली. सत्कारमूर्ती म्हणून सलीमभाईंचं नाव आणि पुढं 'व कुटुंबीय'. 'व कुटुंबीय' म्हणजे आपा. स्थळ, भिंतीसमोरचं मैदान. प्रमुख पाहुणे, एक निवृत्त प्राचार्य. वेळ, ठीक मध्यान्ह, कारण पाठक काकांना सळईची सावली बाराच्या आकड्यावर असताना पाहुण्यांचा फोटो हवा होता. तारीख ठरवताना सगळ्यांना सुट्ट्या असाव्यात म्हणून मेचा शेवटचा आठवडा. मांडव घालायचा नाही, कारण मांडवाची सावली घडीवर पडेल. खुर्च्या मैदानात, भर उन्हात, मेमध्ये, औरंगाबादेत, दुपारी बारा वाजता. हे सगळं तीन सुशिक्षित माणसांनी एकत्र बसून ठरवलं, आणि मध्ये दोनदा चहा घेतला.

आता जरा भूगोल. पुढं मी शाळेत भूगोल शिकवायला लागले, त्यामुळं मला हे सांगायचा अधिकार आहे. आपल्या गावाच्या डोक्यावरून सूर्य मेच्या उत्तरार्धात उत्तरेकडं सरकतो आणि जुलै संपत येईपर्यंत तिकडंच राहतो. तेवढ्या काळात दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीवर ऊन पडत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. घडी वर्षातले काही आठवडे बंद. जगभरातल्या सूर्यघड्याळांची चित्रं ज्यांनी कपाटं फुटेस्तोवर जमवली होती, त्यांच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. त्यांच्या चित्रांत नेहमी ऊन असायचं.

तर सत्काराचा दिवस उजाडला. वीज येणार नाही हे माहीत होतं म्हणून बॅटरीवर चालणारा स्पीकर आणि बिनवायरचा माईक भाड्यानं आणला होता. सळईला मोगऱ्याचा गजरा घातला होता, त्यामुळं सूर्यदेव नाकात फुलं घातल्यासारखे दिसत होते. पाहुणे आले, डोक्यावर रुमाल घेऊन बसले. बाबा बोलायला उभे राहिले. आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं, की खुर्च्या उन्हात आहेत, बकरी उन्हात आहे, प्राचार्य उन्हात आहेत, आणि अख्ख्या मैदानात सावलीत असलेली एकच वस्तू म्हणजे धूपघडी. भिंत थंडगार, मळकट, आणि सळईला सावलीच नाही. पाठक काका म्हणाले, येईल, येईल, सूर्य जरा सरकू द्या. बाबांनी भाषण लांबवलं. सूर्य सरकला, पण त्यांना हवा होता तिकडं नाही. मग पाठक काकांनी बोळातल्या दाराशी येऊन आपांकडं स्टीलची परात मागितली. त्यातली कणीक आपांनी पेपरवर काढून ठेवली. पाठक काकांनी मैदानात उकिडवं बसून परातीनं उन्हाचा कवडसा भिंतीवर मारला. सळईची सावली पडली. पडली, पण उजेड खालून असल्यामुळं ती आकड्यांकडं जाण्याऐवजी सूर्याच्या कपाळावरून सरळ आभाळाकडं गेली. वाघमारे सरांनी फोटो काढला. तो फोटो मंडळानं पुढं सगळीकडं पाठवला, आणि परगावच्या एका संग्राहकाचं कौतुकाचं उत्तरही आलं. असा दुर्मीळ प्रकार त्यांनी आधी पाहिला नव्हता म्हणे. मी सांगते, कुणीच पाहिला नव्हता.

मी, आई, सना आणि आपा त्या वेळी आत होतो. सत्कारमूर्तींच्या कुटुंबीयांना बाहेर यायला वेळ नव्हता. गणवेश द्यायला थोडेच दिवस उरले होते आणि निम्मं काम पडलं होतं. आपा अंधारात मशीनवर वाकलेल्या, आई टॉर्च धरून त्यांच्या शेजारी उभी, सना बटणं चाचपून चाचपून लावतेय, आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज येतोय, की या घरातल्या माऊलीनं काळाची ज्योत तेवत ठेवली आहे. आपांनी तेव्हा सुईच्या नेढ्यात दोरा ओवायला घेतला होता. तो काही केल्या जाईना. त्यांनी सुई माझ्याकडं दिली, आणि मला त्यांच्या डोळ्यातलं पाणी टॉर्चच्या उजेडात दिसलं. ते उन्हाळ्याचं नव्हतं.

बाहेर प्राचार्यांना घेरी आली. फार नाही, पण खुर्चीवरून कलले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की शाल द्यायची तर सावलीत द्या, नाहीतर मलाच पांघरा. बाबा म्हणाले, कार्यक्रम आत घेऊ, मी जागा बघून येतो. आणि माईक हातात तसाच घेऊन ते घरांच्या रांगेला वळसा घालून बोळात आले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या दारातून आत पाऊल टाकलं. उन्हातून आलेल्या माणसाला आधीच काही दिसत नाही. त्यांचा पाय कापडाच्या गठ्ठ्यात अडकला, गुडघा मशीनला लागला, हात भिंतीला टेकायला गेला तो खुंटीवरच्या कंदिलाला लागला आणि कंदील खाली आला. आणि मग ते बोलले. मोठ्यानं, कळवळून, गावाकडच्या भाषेत, माईक तोंडाशी असताना. मी ते वाक्य दोनदा ऐकलं. एकदा त्यांच्या तोंडून आणि एकदा भिंतीपलीकडच्या स्पीकरमधून.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. सलीमभाईंनी असं मानलं, की साहेबांनी आपली जबान आपल्याला परत केली, तीही माईकवरून, चार माणसांदेखत. ते नमाज पढून आले आणि मिस्त्रीच्या घरी गेले. त्याच आठवड्यात खिडकी निघाली, सूर्याच्या मिशांपासून खाली, ऐसपैस, दोन झडपांची. गणवेश वेळेवर गेले, आणि पुढं कितीतरी वर्षं जात राहिले. खिडकीच्या डावीकडं सकाळचे काही आकडे उरले आहेत, उजवीकडं दुपारचे, आणि चौकटीच्या वर भुवया. पाठक काकांनी मंडळाचा राजीनामा स्वतःलाच दिला, कारण सचिव तेच होते, आणि महिन्याभरानं स्वतःच तो नामंजूर केला. वाघमारे सरांनी पहिल्यांदा आपणहून एक चित्र काढलं, खिडकीत मशीनवर बसलेल्या आपांचं, आणि ते आपांना देऊन टाकलं, संग्रहाला दिलं नाही. आता मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात परगावचे पुष्कळ लोक आहेत, रोज सकाळी कुणीतरी सूर्यघड्याळाचं चित्र टाकून सुप्रभात म्हणतं आणि वेळ मोबाईलवर बघतं. बाबा आता थकलेत, पण कुणी आलं की अजून सांगतात, की जुन्या शहरातली ती खिडकी मी सुचवली. आणि दुर्दैवानं ते अक्षरशः खरं आहे. कारण त्या दिवशी, त्या अंधारात, गुडघा चोळत, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ते म्हणाले होते,

"आरं बापरे, काय हे अंधारं भुयार! एवढी मोठी भिंत आहे मागं, तिच्यात एक खिडकी काढायची अक्कल नाय का कुणाला इथं?"